टॉवर नको, टॉवर पाहिजे

चंद्रपूर शहरातल्या एखाद्या वस्तीत कुणाच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहू लागला की चार दिवसांत महापालिकेत निवेदन जाते. आमच्या वस्तीत लहान मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत, किरणांनी कॅन्सर होतो, टॉवर हलवा. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या गावातून गडचिरोलीला जाणारे निवेदन नेमके उलटे असते. टॉवर द्या जी. बाळंतीण अडली तर गाडी बोलवायला टेकडी चढावी लागते, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, पोराचा फॉर्म भरायला तालुक्याला जावे लागते. दोन्ही निवेदनांवर खऱ्या माणसांच्या सह्या असतात आणि दोन्हींत खोटे काही नसते. पहिल्यात भीती खरी असते, दुसऱ्यात अडचण. ही पुस्तिका या दोन निवेदनांच्या मधल्या जागेसाठी आहे. विजेच्या तारा, मोटारी, मोबाइल आणि टॉवर यांतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींनी माणसाच्या प्रकृतीला काही होते का, आणि होत असेल तर किती, एवढाच तिचा विषय.

माझा कौल लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्यापर्यंत पोचतात तेवढ्या ताकदीच्या लहरींनी आजार होतो, असे चाळीसेक वर्षांच्या तपासणीनंतरही दाखवता आलेले नाही. विजेच्या तारा आणि मुलांमधला रक्ताचा कर्करोग याविषयीचा एक प्रश्न मात्र अजून पुरता मिटलेला नाही. तो मी दडपणार नाही. आणि तिसरे म्हणजे, आपल्या या दोन जिल्ह्यांत भीतीचा नकाशा उलटा काढला गेला आहे. जिथे लहरी कमी तिथे आपण घाबरतो, जिथे जास्त तिथे निर्धास्त असतो.

आधी लहरींबद्दल. आपल्यावर पडणारी सर्वांत बलवान विद्युतचुंबकीय लहर टॉवरमधून येत नाही, सूर्यातून येते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे मे महिन्यात देशभरच्या बातम्यांत येतात ती याच लहरींमुळे. पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे. दुपारच्या उन्हात जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. प्रकाश, उष्णता, रेडिओ, मोबाइल, एक्स-रे ही सगळी एकाच जातीची मंडळी; फरक कंपनसंख्येचा. घरातली वीज सेकंदाला ५० कंपने करते, मोबाइलच्या लहरी साधारण ७० कोटींपासून काही अब्जांपर्यंत, दिसणारा प्रकाश त्याच्याही काही लाख पट. कंपनसंख्या जितकी जास्त तितकी लहरीच्या एकेका कणाची ऊर्जा जास्त. शरीरातल्या रेणूंचे बंध तोडायला, डीएनएला इजा करायला जी किमान ऊर्जा लागते ती अतिनील किरणांच्या आसपास सुरू होते आणि एक्स-रे, गॅमा किरणांत भरपूर असते. मोबाइलच्या लहरीचा एक कण साध्या प्रकाशाच्या कणापेक्षा काही लाख पट दुबळा असतो. असे कण कितीही आले तरी ते बंध तोडत नाहीत, ऊती थोड्या तापवतात. अणुबॉम्बच्या आणि टॉवरच्या ‘रेडिएशन’ला आपण एकाच नावाने हाक मारतो, त्यातून अर्धी भीती जन्मते. (ज्यांना खरोखर बंध तोडणाऱ्या किरणांचीच चिंता आहे त्यांनी दगडी कोळशाच्या राखेकडे पाहावे, तीत युरेनियम-थोरियमचे अंश असतात. तेही अल्पच, पण निदान त्या जातीचे तरी.)

आता तारांकडे. महाराष्ट्रात विजेच्या तारांविषयी बोलायचे तर चंद्रपूरपेक्षा योग्य जागा नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. भद्रावतीला देशाचे पश्चिम आणि दक्षिण विद्युत-जाळे जोडणारे केंद्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभे राहिले. वरोऱ्याहून ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या निघतात. आणि १९९९ पासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे: अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट. मुंबईची वीज आपल्या शेतांवरून जाते हे इथल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. मोबदल्याची रड वेगळी आणि ती खरी आहे. पण मोबदल्याच्या भांडणात आरोग्याची भीती वकिलासारखी उभी केली जाते, तिथे थोडे थांबायला हवे.

पडघ्याच्या वाहिनीचा हिशोब शाळकरी मुलालाही करता येतो. दोन तारांमधला दाब १० लाख व्होल्ट, शक्ती १५०० मेगावॅट, म्हणजे पूर्ण भार असताना प्रवाह १५०० अँपिअर. पंधरा मीटर खाली उभ्या माणसाला एका तारेचे चुंबकीय क्षेत्र २० मायक्रोटेस्ला लागेल. दुसऱ्या तारेतला प्रवाह उलट दिशेचा, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात ४० मायक्रोटेस्लांच्या आसपास आहे, आणि तेही असेच स्थिर. म्हणजे त्या तारेखाली धान रोवणारी बाई जन्मभर ज्या क्षेत्रात वावरली त्याच्या निम्म्यानेही भर तिच्या अंगावर पडत नाही.

७६५ किलोव्होल्टच्या प्रत्यावर्ती वाहिनीचे मात्र तसे नाही. तिच्याखाली दमट हवेत सतत भुणभुण ऐकू येते, हातात धरलेली ट्यूबलाइट मिणमिणते, छत्रीच्या दांड्याला किंवा कुंपणाच्या तारेला हात लावला की मुंग्या येतात. शेतकरी हे सांगतो तेव्हा तो अंधश्रद्धेने बोलत नसतो. सामान्य माणसासाठी विद्युत क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा मीटरला ५ किलोव्होल्ट आहे, आणि अशा वाहिनीच्या थेट खाली ती गाठली जाते, ओलांडलीही जाते. ही मर्यादा मज्जातंतूंना जाणवणारा त्रास आणि चटके टाळण्यासाठी घातलेली आहे. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा सोडतात तो यासाठीही. त्या पट्ट्यात घर बांधू नये, कुंपणाला अर्थिंग करून घ्यावे. घराच्या भिंतीच्या आत हे विद्युत क्षेत्र जवळजवळ उरत नाही.

चुंबकीय क्षेत्र मात्र भिंतीतून आरपार जाते, आणि न मिटलेला प्रश्न तिथला. १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये नॅन्सी वर्थहायमर आणि एड लीपर यांनी दाखवले की जास्त प्रवाहाच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांत रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा घरातले सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असेल तर धोका सुमारे दुप्पट दिसला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ साली हे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. ते अजून तिथेच आहे. मात्र एवढे क्षेत्र असलेली घरे त्या अभ्यासांत शंभरात एकही धड नव्हती, आजार मुळात दुर्मीळ, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसा परिणाम मिळाला नाही, आणि इतके क्षीण क्षेत्र पेशीत काय करते हे कुणाला दाखवता आलेले नाही. दुप्पट या शब्दाने दचकण्याआधी कशाची दुप्पट ते विचारावे. तरीही नवी वाहिनी आखताना शाळा-अंगणवाडीवरून ती नेऊ नका, असे गावाने म्हटले तर ते मला शहाणपणाचेच वाटते. थोडी वाकडी आखणी केल्याने कुणाचे फार बिघडत नाही.

त्या वर्गवारीविषयी एक गोष्ट इथल्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. २०११ साली मोबाइलच्या लहरीही त्याच ‘कदाचित’च्या वर्गात आल्या; त्या यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्याच संस्थेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे ‘कर्करोगकारक, शंका नाही’ या वर्गात, चघळायची तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. दोन्ही एकत्र घोटले की खर्रा होतो. गालात खर्रा ठेवून टॉवरविरुद्धच्या निवेदनावर सही करणारा माणूस मी हसण्यावारी नेत नाही, पण ‘मुक्तिपथ’चे कार्यकर्ते गडचिरोलीच्या गावागावांत दारू-तंबाखूविरुद्ध जे काम करतात, त्याला तेवढ्या सह्या मिळाव्यात अशी माझी इच्छा आहे.

आता मोबाइल आणि टॉवर. इथे सगळा खेळ अंतराचा आहे. टॉवरवरच्या एका वाहिनीची, म्हणजे चॅनेलची, शक्ती साधारण २० वॅट धरा. अँटेना ती चहूकडे न पसरवता एका दिशेला, क्षितिजाच्या बाजूला, पन्नासेक पट एकवटते. झोताच्या ऐन मध्यावर, ५० मीटरवर, हिशोब दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट येतो. १०० मीटरवर त्याचा चौथा हिस्सा. टॉवरच्या अगदी पायथ्याशी झोत डोक्यावरून निघून जातो, म्हणून तिथे बहुधा त्याहूनही कमी. एका टॉवरवर अशा अनेक वाहिन्या असतात, तेव्हा बेरीज करावी लागेल हे मान्य. भारताने २००८ साली आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहाव्या हिश्शावर आणली: ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९२. शेजारी उन्हाचे १००० वॅट ठेवले की प्रमाण कळते. ही तुलना अर्धीच न्याय्य आहे, कारण ऊन कातडीवरच थांबते आणि रेडिओ लहरी काही सेंटिमीटर आत जातात. पण तापवण्याचा प्रश्न असेल तर हजार आणि अर्ध्या वॅटमधला फरक विसरता येत नाही.

हँडसेटची शक्ती टॉवरपुढे किरकोळ. फोर-जीचा फोन फार तर ०.२ वॅट सोडतो, जुना टू-जीचा फोन बोलताना त्याच्या सर्वोच्च झटक्याला २ वॅटपर्यंत जाई. पण तो कानाला चिकटलेला असतो, टॉवर शंभर मीटरवर. त्यामुळे आपल्या डोक्यात शिरणाऱ्या लहरींतला मोठा वाटा टॉवरचा नसतो, हातातल्या यंत्राचा असतो. आणि फोन आपली शक्ती स्वतः ठरवतो. टॉवर जवळ असला की तो कुजबुजतो, लांब असला की इंद्रावतीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडतो. हा फरक थोडाथोडका नाही, शेकडो पटींचा असू शकतो. चंद्रपुरात गच्चीवरच्या टॉवरखाली राहणाऱ्या माणसाचा फोन जेवढ्या लहरी सोडतो, त्याच्या कितीतरी पट लहरी टेकडीवर चढून एक काडी नेटवर्क पकडणाऱ्या भामरागडच्या पोराच्या कानापाशी सुटतात. टॉवर हलवा म्हणणारी वस्ती टॉवर दूर गेल्यावर स्वतःच्या डोक्यातल्या लहरी वाढवून घेते. उलटा नकाशा म्हणतो तो हाच.

मग त्या टेकडीवरच्या पोराला धोका आहे का? मोबाइलला ज्या आजारासाठी सर्वांत जास्त धरले गेले तो मेंदूचा ट्यूमर. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ दरम्यानचे ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. जगभर मोबाइल घरोघरी पोचले तरी मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण त्या गतीने चढले नाही, ही त्याहून साधी आणि मला जास्त पटणारी गोष्ट. विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या सरकारी प्रयोगाचा, २०१८ चा: सगळ्या अंगावर रोज नऊ-नऊ तास तीव्र लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयाच्या एका प्रकारच्या गाठी वाढल्या. माद्यांत तसे स्पष्ट दिसले नाही, आणि लहरी घेतलेले नर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. अशा निकालाचे काय करायचे हे शास्त्रज्ञांनाही नीट ठरवता आलेले नाही. मी तो बाजूला टाकत नाही, पण त्यावरून टॉवर पाडायला कुणी सांगितले तर मी ऐकणार नाही.

आपल्याकडे या भीतीला आकार आला तो मुंबईत. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार खात्याला टॉवरच्या धोक्यांवर अहवाल दिला, वर्तमानपत्रांनी तो उचलला, उंच इमारतींतल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या कहाण्या छापून आल्या. २०१२ ची कडक मर्यादा त्या वातावरणातली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावर ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायला लावला. २०२१ मध्ये जुही चावला यांची फाइव्ह-जीविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २० लाखांच्या दंडासह फेटाळली. दंड पुढे दोन लाखांवर आला. न्यायालये एकदा इकडे, एकदा तिकडे गेली आणि लोकांना वाटले विज्ञानच डळमळीत आहे. न्यायालय त्याच्यासमोरच्या माणसाचे दुःख पाहते, ते त्याचे कामच. आजाराचे कारण त्याने ठरवले असे मात्र होत नाही.

कारण ठरवायचे कसे, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांच्या घरच्या घरी उपचारांची पद्धत उभी केली, तेव्हा ३९ गावांत काम केले आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले. ‘आमच्या गावात बाळे वाचली’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. काम न झालेल्या गावांत काय झाले हेही त्यांनी मोजले. ‘टॉवर आल्यापासून गावात तिघांना कॅन्सर झाला’ हे वाक्य याच कसोटीला लावा. टॉवर नसलेल्या शेजारच्या गावात तेवढ्याच वर्षांत कितींना झाला? कोणता कॅन्सर? तिघांचा एकच की तीन वेगळे? टॉवर आला त्याच सुमारास रस्ता आला, तपासणीला नागपूरला जाणे सोपे झाले, आजाराला नाव मिळाले. पूर्वी तोच माणूस ‘वाळत वाळत गेला’ म्हणून सोडून दिला जाई.

काही माणसांना टॉवरजवळ खरेच झोप लागत नाही, डोके दुखते, छातीत धडधडते. त्यांना वेडे ठरवू नये. अशा लोकांवर झालेले ४६ प्रयोग २०१० साली एकत्र तपासले गेले. ११७५ माणसे, लहर चालू आहे की बंद हे त्यांनाही ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही नाही. लहर चालू आहे हे त्यांना ओळखता आले नाही. त्रास मात्र खरा होता, आणि तो लहर आहे अशी समजूत झाली की येत होता. धास्तीनेही शरीर आजारी पडते. त्या माणसाला डॉक्टर हवा आणि ऐकून घेणारे कुणी हवे. घराच्या भिंतींना लावायच्या महागड्या ‘रेडिएशन चिप’ त्याला विकणारे तर मुळीच नकोत.

आणि आता विजेचा खरा बळी. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या जंगलात श्रीनिवास नावाचा वाघ मेला. प्रसिद्ध ‘जय’चा तो बछडा. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, दिवसरात्र लहरी सोडणारी. त्याला मारले ते रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या जिवंत प्रवाहाने. कॉलर काढून टाकलेली सापडली, वाघ पुरलेला सापडला. अशा कुंपणांनी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वाघ जातात, गुरे जातात, रात्री पाणी द्यायला गेलेली माणसे जातात. तारेभोवतीच्या क्षेत्राने नव्हे, तारेला लागल्याने. उघड्या जोडण्या, अर्थिंग नसलेले पंप, आकडे टाकून घेतलेली वीज यांवर गावात सभा होत नाहीत, टॉवरवर होतात.

हीच गोष्ट हवेची. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले औद्योगिक पट्टे क्रमाने लावले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे होते. चुलीच्या धुराने, राखेच्या धुळीने फुप्फुसे भरतात हे सिद्ध आहे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांतला मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. मोठा धोका दाखवून लहान झाकण्याची युक्ती मला आवडत नाही, पण गावाकडे भीती वाटून घ्यायला वेळ आणि शक्ती मर्यादितच असते. नेटवर्क नसल्याची किंमत तर रोजची आहे. साप चावला तर १०८ ला लागणारा फोन, विजा कडाडण्याआधी इशारा देणारे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप, आशाताईचा निरोप, हे सगळे त्याच लहरींवरून येते. माओवाद्यांनी या भागात टॉवर जाळले ते लहरींना भिऊन नव्हे, पोलिसांना खबर जाते म्हणून. नुकसान मात्र अडलेल्या बाळंतिणीचे झाले.

काळजी घ्यायचीच असेल तर ती सोपी आहे. लांबलचक बोलणे स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनने करावे, एकच काडी असताना गप्पा मारू नयेत, फोन उशाखाली घेऊन झोपू नये. यातला शेवटचा सल्ला लहरींपेक्षा झोपेसाठी. फोन शरीरात किती ऊर्जा सोडू शकतो याची भारतातली कमाल मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॅट आहे आणि *#०७# दाबले की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. टॉवरची शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरची माहिती पाहता येते. २०१७ मध्ये ते सुरू झाले तेव्हा ४००० रुपये भरून प्रत्यक्ष मोजणी मागवण्याची सोय त्यात होती. गावाच्या वर्गणीत बसणारी ही रक्कम आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, तो आधी वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसून, कायदा वाचून, एकमताने. ही पुस्तिका तशाच अभ्यासगटांत वाचली जावी म्हणून प्रश्नोत्तरांच्या रूपात ठेवली आहे; हिशोब मुद्दाम उलगडून दाखवले आहेत, ते तपासून पाहावेत आणि चूक सापडली तर कळवावे. ग्रामसभांना आणि वस्तीच्या मंडळांना एक विनंती: टॉवर हवा असा ठराव करा किंवा नको असा, पण ठरावाच्या कागदावर मोजणीचा आकडा, मोजल्याची तारीख आणि टॉवरपासूनचे अंतर लिहिल्याशिवाय त्यावर सही करू नका.